शेजारच्या टाक्या

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता ईरप्पा बिराजदार आपल्या कारखान्याच्या गच्चीवर, पालथ्या घातलेल्या लोखंडी बादलीवर उभे राहून शेजाऱ्याच्या टाक्या मोजत होते.

"दाक्षी! अकरा झाल्या!"

खाली रंगखात्यात त्यांच्या मुलीचे, दाक्षायणीचे, दोन्ही हात कोपरापर्यंत मोरपंखी झाले होते. तिने मान वर न करताच विचारले, "कोण अकरा?"

"टाक्या गं! काल दहा होत्या. एक वाढवली त्यानं. नोड, वर येऊन नोड!"

ईरप्पा खूश झाले किंवा चिडले की कानडीत जात. 'नोड' म्हणजे 'बघ'. गेल्या नऊ वर्षांत हा शब्द दाक्षायणीने दिवसातून चार वेळा तरी ऐकला होता, आणि प्रत्येक वेळी ईरप्पांचे बोट एकाच दिशेला असे. भिंतीपलीकडे. अठरा नंबरच्या प्लॉटकडे. महिपतीकडे.

"अप्पा, रंग उतरतोय. पाणी जड आहे. मला आत्ता वर येता येणार नाही."

"मग तितनंच ऐक. आपल्या बी अकराच हायत. बरोबरी झाली. हे बरं न्हाई."

महिपती मूळचा मोडनिंबचा. तरुणपणी तो आणि ईरप्पा एकाच मालकाच्या मागावर टॉवेल विणत होते. पुढे अक्कलकोट रस्त्याच्या आतल्या बाजूला ही लहानशी औद्योगिक वसाहत झाली, तेव्हा दोघांनी एकाच दिवशी शेजारी-शेजारी प्लॉट घेतले आणि मधली भिंतही दोघांनी मिळून बांधली. सूत रंगवायचे आणि टॉवेल विणायचे, दोघांचा धंदा एकच. नऊ वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ईरप्पांनी मागवलेला टँकर चालकाने चुकून महिपतीच्या हौदात रिकामा केला. ईरप्पा भिंतीशी जाऊन ओरडले, तर महिपती म्हणाला, "आलेलं पानी माघारी कसं धाडायचं, तूच सांग." त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद. बघणे मात्र तेव्हापासून सुरू झाले. महिपतीने गेटला रंग दिला की ईरप्पा भिंतीला देत. ईरप्पांनी पत्रे बदलले की महिपती कौले उतरवी. एकमेकांशी अवाक्षर न बोलता त्या दोघांना एकमेकांबद्दल जेवढे माहीत होते, तेवढे बोलणाऱ्या भावांनाही नसते.

या जुन्या चढाओढीला टाक्यांचे वळण लागले ते पालिकेच्या नव्या धोरणामुळे. हद्दीलगतच्या औद्योगिक वसाहतींना नळाचे पाणी द्यायचे असे ठरले होते. मोठी जलवाहिनी रस्त्याच्या तोंडापर्यंत येणार, पण या वर्षी दर गल्लीत एकच जोडणी मिळणार. बाकीच्यांचा विचार पुढच्या टप्प्यात. आणि पुढचा टप्पा पाहिलेला माणूस वसाहतीत कुणाला अजून भेटला नव्हता. ज्याची गरज जास्त, त्याचा नंबर आधी, असे धोरणात लिहिले होते. गरज मोजायची कशी, ते लिहिलेले नव्हते. ईरप्पांनी ते स्वतःच ठरवले. ज्याच्याकडे टाक्या जास्त, त्याला पाणी जास्त लागते. साहेब येणार आणि टाक्या मोजणार. भिंतीपलीकडे महिपतीनेही, कुणाला न विचारता, नेमके हेच ठरवले होते.

सोलापुरात असे वाटणे साहजिक होते. घरी चार-पाच दिवसांतून एकदा नळ येतो. मुलगी द्यायची तर लोक जावयाचा पगार विचारण्याआधी त्याच्या गच्चीकडे नजर टाकून घेतात.

दाक्षायणीला ती जोडणी हवी होती, पण वेगळ्या कारणासाठी. बोअरच्या जड पाण्यात रंग सारखा बसत नव्हता. दोन मोठ्या गिऱ्हाइकांनी डाग दाखवून माल परत पाठवला होता. हे वर्ष असेच गेले तर रंगखाते बंद करावे लागले असते, आणि रंगखाते हाच तिचा कारखाना होता. कॉलेजातली शिकवण्याची नोकरी सोडून सात वर्षांपूर्वी ती इथे आली. सूत, रंग, माल, मजूर, सगळे तिनेच हातात घेतले. ईरप्पांनी नको म्हटले नाही आणि छान म्हटले नाही. एका मोठ्या हॉटेलची ऑर्डर मिळाली त्या दिवशी ती जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेली होती. ईरप्पांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बरं झालं. महिपतीनं नवी मोटर बसवली, आवाज ऐकलास?"

त्या संध्याकाळी ती भिंतीपलीकडच्या मोटरीचा आवाज ऐकत बराच वेळ बसली. भाऊ असता तर या हेव्याला नाव देता आले असते. टकलू, पोटसुट्या, तंबाखू मळणाऱ्या साठीच्या माणसाचा हेवा वाटतो, हे सांगायचे कुणाला?

मंगळवारी दुपारी ईरप्पांनी शेंगाचटणीबरोबर दोन कडक भाकरी खाल्ल्या, तिसरी मोडून परत ठेवली आणि फोन करून आणखी तीन टाक्या सांगितल्या.

"तीन कशाला? एक पुरे की," दाक्षायणी म्हणाली.

"एकानं जिंकलं तर तो म्हणंल, मोजण्यात चुकलं. जिंकायचं तर नीट जिंकावं माणसानं." मग ते लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन वर गेले. टाक्यांवर ते मोठे आकडे काढत. आकड्यांची तोंडे महिपतीकडे. त्याला मोजायला त्रास नको, असे ते म्हणत.

जाताना जिन्यावरून त्यांनी सांगितले, "उद्या टाक्या येतील. मी नसलो तर सही कर तू."

बुधवारी सकाळी ईरप्पा उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेत, पहाटे कधीतरी. चेहरा शांत होता. उशीशेजारी फोन होता आणि त्यात टाक्यांच्या दुकानदाराचा निरोप होता: माल निघाला.

अकराच्या सुमाराला माणसांनी अंगण भरलेले असताना टेंपो आला. कारखान्याला कुलूप बघून चालक पत्ता विचारत-विचारत घरी आला होता. गर्दी पाहून त्याने हॉर्न वाजवणे थांबवले, पण खाली उतरून चालान पुढे केलेच.

"ईरप्पाअण्णांची सही लागती."

"अण्णा न्हाईत," पारूबाई म्हणाली. ती रंगखात्यात पंधरा वर्षे होती आणि रडून-रडून तिचा आवाज बसला होता.

"मग कवा येत्यात?"

पारूबाईने त्याच्याकडे असे काही पाहिले, की तो चालान घेऊन दोन पावले मागे सरला. दाक्षायणीने हात पुढे केला आणि सही केली.

महिपती आला. नऊ वर्षांनी तो ईरप्पांसमोर उभा राहिला आणि असा मोठ्याने रडला, की आलेले पाहुणे आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागले. कुणीतरी त्याला खुर्ची दिली, कुणी पाणी दिले. दाक्षायणी कोरड्या डोळ्यांनी बघत होती. नऊ वर्षे ज्याने अप्पांची नजर पळवली, त्याने आता रडण्याचा मानही पटकावला. तिला रडू येत नव्हते असे नाही. पण त्याच्या शेजारी बसून रडणे तिला जमले नसते.

शिवगणाराधना, म्हणजे अप्पांचे दिवसकार्य, झाल्यावर ती कारखान्यात गेली. तिन्ही टाक्या वर चढवून, भरून घेतल्या. लाल डबा तिथेच होता. तिने स्वतः बादलीवर बसून आकडे काढले. बारा. तेरा. चौदा. तोंडे महिपतीकडे.

मग पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी, पालिकेचे परिपत्रक आले.

ते वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आले आणि दाक्षायणीने दोनदा वाचले. ज्या उद्योगाकडे दोन हजार लिटरपेक्षा जास्त साठवण आहे, त्याची स्वतःची सोय आहे असे समजून त्याचे नाव शेवटच्या यादीत घ्यावे. आपल्या गल्लीची पाहणी उद्या, शनिवारी, अकरा वाजता.

तिच्याकडे चौदा हजार लिटर होते.

"दाक्षे."

भिंतीवर महिपतीचे डोके होते. बहुधा तो कशावर तरी चढला होता, कारण डोके हलत होते.

"परिपत्रक वाचलंस व्हय?"

"वाचलं."

"मेलो की आपन." नऊ वर्षांनी त्या प्लॉटवरून आलेली ही पहिली दोन वाक्ये. "आता त्यो कोपऱ्यावरचा बर्फवाला पानी घिऊन जातोय बघ. त्याच्या गच्चीवर दिसाया एकच टाकी हाय. तुजा बाप असता तर कायतरी युक्ती काडली असती."

"युक्ती त्यांनीच काढली होती. चौदा टाक्यांची."

"माजी बी तीच हुती," महिपती कष्टाने म्हणाला. मग त्याने आवाज खाली घेतला. "ऐक. पाहनी आधी तुज्याकडं, सतरा नंबरला. मग माज्याकडं. तू एक टाकी ठिव. बाकीच्या तेरा भिंतीवरनं माज्या आवारात दे. सायेब तुजं बघून खाली चा प्याला बसंल, तवर समद्या टाक्या, तुज्या अन् माज्या, हिकडनं तुज्या गच्चीवर. हाय काय अन् न्हाय काय!"

"आणि तुम्ही माझ्या ठेवून घेतल्या तर?"

महिपतीचा चेहरा पडला. "तुज्या बापानं समद्यांवर आकडं टाकल्यात की गं. चोरून न्हेऊ कुटं?"

तिला खरे तर नाही म्हणायचे होते. पण बर्फवाल्याला पाणी जाणे म्हणजे रंगखात्याला कुलूप. ती हो म्हणाली.

शनिवारी सकाळी सहाला काम सुरू झाले आणि पहिल्या टाकीलाच अडले. टाकी हलवायची तर रिकामी हवी, आणि आतले हजार लिटर पाणी ओतायचे कुठे? तोटी उघडून सोडून द्यायचे, एवढेच होते. पारूबाई तोटीवर हात ठेवून उभी राहिली.

"सोड की, पारूबाई."

"अक्का, हात उठंना माजा."

"बरं, मी सोडते." दाक्षायणीने तोटीला हात घातला. पाण्याची पहिली धार गच्चीच्या तापायला लागलेल्या फरशीवर पडली आणि तिने घाईघाईने तोटी बंद केली. तिचाही हात उठत नव्हता. भिंतीपलीकडून बघणारा महिपती ओरडला, "आगं, वतू नका! पाप लागंल!"

मग रंगाचे हौद भरले. पिंपे भरली. बादल्या, घमेली, चहाची पातेली, जेवणाचे डबेसुद्धा भरले. तरी नऊ टाक्या शिल्लक. शेवटी पारूबाईने गेटबाहेर जाऊन मागच्या वस्तीला हाक दिली. पाच मिनिटांत घागरी घेऊन बायका आल्या, दहा मिनिटांत रांग लागली आणि साडेआठला ती रांग बर्फाच्या कारखान्याला वळसा घालून मागे गेली. टाकी रिकामी झाली की चार मजूर ती दोराने खाली सोडत, भिंतीवर टेकवत आणि पलीकडे महिपतीची माणसे ती झेलत. महिपती प्रत्येक टाकीला "सावकाश, सावकाश" म्हणत होता, जसे काही आत कुणी झोपले आहे.

शेवटची टाकी, चौदा नंबरची, भिंतीवर असतानाच गेटाशी मोटारसायकल थांबली. साडेदहाच वाजले होते.

पालिकेचे कनिष्ठ अभियंता सिद्धनाथ साहेब हे उन्हाला घाबरणारे गृहस्थ होते, म्हणून ते लवकर आले होते. डोक्याला पांढरा रुमाल, हातात फाईल, खिशात टेप. त्यांनी आधी रांग पाहिली.

"इथं पाणीवाटप चालतं?"

दाक्षायणी जिन्यावरून धावत खाली आली. उत्तर तिच्याकडे नव्हते. पारूबाईकडे होते.

"अण्णांच्या नावानं हाय, सायेब. आमचं मालक वारलं न्हवं का. त्यांच्या नावानं पानी वाटतोय."

रांगेतल्या एका म्हातारीने लगेच घागर खाली ठेवून हात जोडले. "देवमानूस हुता." तिने ईरप्पांना कधी पाहिलेही नव्हते. मागच्या दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला. सिद्धनाथ साहेबांनी डोक्याचा रुमाल काढला आणि मिनिटभर मान खाली घालून उभे राहिले. दाक्षायणीही मान खाली घालून उभी राहिली. खोटे बोलायचे ठरवून केलेली ही गोष्ट खरी कधी झाली, ते तिला कळले नाही. 

"चला, वर बघू," साहेब म्हणाले.

गच्चीवर एक टाकी होती. आणि धुळीने करड्या झालेल्या फरशीवर, दोन रांगांत, अगदी स्वच्छ, पांढरे, वाटोळे तेरा डाग.

"हे गोल कसले?"

"कुरडया, सायेब," मागून पारूबाई म्हणाली. "वाळत घातल्या हुत्या."

साहेबांनी टेप काढून एक डाग मोजला. "साडेतीन फुटांची कुरडई?"

"अण्णांना मोठी आवडायची."

साहेबांनी टेप खिशात टाकली. ते कठड्यापाशी गेले आणि त्यांनी पलीकडे पाहिले. महिपतीच्या आवारात आणि गच्चीवर मिळून चोवीस टाक्या होत्या. महिपती त्यांच्यापुढे दोन्ही हात पसरून उभा होता. चोवीस टाक्या झाकायला दोन हात पुरतील, असे त्याला का वाटले कुणास ठाऊक.

"अठरा नंबरची पाहणी मी इथूनच करतो," साहेब म्हणाले. "या उन्हात दोनदा चढायला नको." त्यांनी फाईल उघडली. "सतरा नंबर, एक टाकी. अठरा नंबर..." त्यांनी बोटाने हवेत मोजले. "चोवीस."

खाली महिपतीचे हात हळूहळू खाली आले.  बोलणार काय? टाक्या माझ्या नाहीत म्हटले तर दोघांची लबाडी उघडी पडणार. त्याने एकदाच वर पाहिले. दाक्षायणीकडे नाही. तिच्या मागे असलेल्या पालथ्या बादलीकडे.

दाक्षायणीला फक्त गप्प राहायचे होते. सतरा नंबरला एक टाकी, म्हणजे पहिल्या यादीत नाव. रंगखाते वाचले. आणि महिपती चोवीस टाक्यांसह सगळ्यात शेवटी. अप्पा असते तर कानडीत गेले असते आणि आठवडाभर मराठीत परत आले नसते. नऊ वर्षांत त्यांनी जे मागितले ते एका 'चोवीस' या शब्दात, तिच्यासमोर, शाईने लिहिले जात होते. आणि नऊ वर्षे तिने जे मागितले, म्हणजे या माणसाला एकदा तरी उताणे पडलेले पाहणे, तेही.

 साहेबांचे पेन खरखरत होते. तिने मनात दहापर्यंत मोजले. जिंकायचं तर नीट जिंकावं माणसानं.

"साहेब, त्यातल्या तेरा माझ्या आहेत."

"आगं गप की!" खालून महिपती ओरडला.

साहेबांनी पेन थांबवले नाही. "माहीत आहे. शेजारच्या टाक्यांवर आकडे दोनपासून सुरू होतात." त्यांनी पेनाने तिच्या एकुलत्या एक टाकीकडे दाखवले. तिच्यावर, महिपतीकडे तोंड करून, हातभर लांबीचा लाल १ होता. "एक नंबर कुठं गेला असेल, याचा मी विचार करत होतो. म्हटलं, कुणी आपण होऊन सांगतंय का बघू."

पारूबाई कुरडयांविषयी आणखी काही सांगणार होती, पण तिने विचार बदलला.

"म्हणजे आम्ही दोघंही शेवटच्या यादीत," दाक्षायणी म्हणाली.

"नियमाप्रमाणे. इथं अर्जदाराची सही करा."

"अर्जदार वडील होते. ते आता..."

"वडील?" साहेबांनी फाईल जवळ धरली. "इथं वडिलांचं नाव मधे आहे. दाक्षायणी ईरप्पा बिराजदार. तुम्हीच ना?"

तिने फाईल हातात घेतली. खाली तिचीच सही होती. जानेवारीत ईरप्पांनी कागदांच्या गठ्ठ्यात बोट ठेवून 'इथं कर, इथं कर' म्हणून घेतलेल्या सह्यांपैकी एक. साक्षीदार म्हणून असेल, असे समजून तिने वाचलेही नव्हते.

मग तिला आठवले. धोरणाचे कलम नऊ: महिला उद्योजकांना प्राधान्य.  म्हणजे अर्जात तिचे नाव घातले, तेही महिपतीला मागे टाकण्यासाठी. चौदा टाक्या कमी पडतील म्हणून पंधरावी.

"कलम नऊसाठी ना?" ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्याहून जरा कोरडा निघाला. "बाईचं नाव असलं की नंबर वर."

"नाही नाही, कलम नऊ एप्रिलमध्ये घातलं," साहेब म्हणाले. "तुमचा अर्ज नऊ जानेवारीचा. तेव्हा तसा काही फायदा नव्हता. उलट आम्ही बाईंच्या नावाच्या अर्जाला जास्तीचे कागद मागत होतो. वडील तीन हेलपाटे घालून गेले." त्यांनी पान उलटले. "त्या अकराव्या रकान्यावरून आमच्या ऑफिसात बराच हशा झाला होता. म्हणून लक्षात राहिलाय."

अकरावा रकाना होता 'उद्योगातील व्यक्ती व त्यांचे काम'. ईरप्पांचे अक्षर मोठे आणि डावीकडे कललेले. 'रंग, सूत, माल, गिऱ्हाईक, मजूर हे सर्व मुलगी पाहते. सात वर्षे झाली. तिच्यासारखा मोरपंखी सोलापुरात कुणाला जमत नाही. ईरप्पा (वडील) बहुतेक गच्चीवर असतात.'

दाक्षायणीने ते एकदा वाचले. दुसऱ्यांदा वाचायला गेली तर अक्षरे दिसेनात.

"लिहिताना मी मागंच हुतो," भिंतीवरून महिपतीचा आवाज आला. तो पुन्हा कशावर तरी चढला होता. "रांगेत. त्याचा एकेचाळीस, माजा बेचाळीस. बोलनं न्हवतं, पर खांद्यावरनं वाकून वाचलं म्या. अन् मग माजा अर्ज घिऊन पेन चावत बसलो. दोन पोरं हायत मला, दोगं बी पुन्यात. एकाला सूत अन् सुतळीतला फरक ठावं न्हाई. अकराव्या रकान्यात काय लिवायचं मी? तवापास्नं जळतोय म्या, दाक्षे. टाकी काय, इकत मिळती."

 खाली रांगेतली एक घागर भरून वाहायला लागली आणि चार बायका एकदम ओरडल्या.

सही घेऊन सिद्धनाथ साहेब पायऱ्या उतरू लागले. चौथ्या पायरीवर ते थांबले.

"एक सांगायचं राहिलं. कोपऱ्यावरचा बर्फवाला काल बघितला. वर एक टाकी, जमिनीखाली वीस. आजपर्यंत या वसाहतीत दोन हजार लिटरच्या आतला एकही कारखाना मला सापडलेला नाही. पहिली यादी कोरी आहे."

"मग?"

"मग काय, काम शेवटच्या यादीपासून सुरू. अर्जाच्या तारखेनं. या गल्लीत पहिला अर्ज एकेचाळीस." त्यांनी रुमाल डोक्याला बांधला. "जोडणी तुमची. बेचाळीस पुढच्या टप्प्यात. पाच महिन्यांत वाहिनी येईल. आणि त्या टाक्या तोवर जागेवर लावून घ्या, रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटेल वसाहत पळून चालली."

दुपारभर टाक्या परत आल्या. महिपतीने त्या आकड्यांच्या क्रमाने पाठवल्या आणि प्रत्येक वेळी "सावकाश" म्हणाला. दाक्षायणीने प्रत्येक टाकी तिच्या पांढऱ्या गोलावर बसवली. एकही गोल चुकला नाही. चौदावी बसल्यावर ती भिंतीशी गेली.

"काका, नळ आला की भिंतीतून एक पाईप घालू. तुमच्या हौदात."

"आन् तुजा बाप काय म्हनंल?"

"म्हणतील, दिलेलं पाणी माघारी कसं घ्यायचं."

महिपती हसायला गेला आणि ते हसणे मधेच बिघडले. तो भिंतीवरून खाली उतरला, आणि थोड्या वेळाने समोरच्या गच्चीवर दिसला. सवयीने आला असावा. सवयीनेच त्याने इकडे पाहिले. मग या बाजूला कुणीच नाही हे आठवून तो आपल्याच टाक्या मोजू लागला.

ऊन कलले होते. टाक्यांच्या सावल्या लांब झाल्या होत्या. दाक्षायणी पालथ्या बादलीवर चढली. बादली डगमगली, मग स्थिर झाली. इथून महिपतीची गच्ची अगदी स्वच्छ दिसत होती. तिने तिकडे पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि मोठ्याने म्हणाली. इतक्या मोठ्याने, की समोर महिपतीचे मोजणे सहावर थांबले.

"मला त्यांचा लई हेवा वाटायचा, अप्पा. माझ्याकडं बी बघत होता, तर सांगायचं होतं की."